आधी दुसरी चावी काढ

मनू, काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच जीव कासावीस झाला. भर पावसात, कडेवर बाळ, आणि गाडी काही केल्या उघडेना. दहाव्यांदा बटण दाबल्यावर कशीबशी उघडली म्हणालीस. वर कुणीतरी सांगितलं, नवीन चावीच घ्यावी लागेल, आणि तू पैसे द्यायला तयारही झालीस! थांब जरा. असे हजारो रुपये घालवायचे नाहीत.

गाडीबरोबर दोन चाव्या मिळाल्या होत्या ना? दुसरी कपाटात असेल, ती आधी काढ. तिने गाडी पटकन उघडली तर दुखणं पहिल्या चावीत आहे. दोन्ही चालल्या नाहीत तर मात्र चावीला बोल लावू नकोस, बहुतेक गाडीची बॅटरी उतरलेली असते. पण तुझी गाडी उघडली, सुरूही झाली, म्हणजे मला चावीतल्या सेलचाच संशय येतो. आठवून बघ, पूर्वी जिन्यावरून बटण दाबलं तरी लॉक लागायचं. हल्ली अगदी दाराशी जावं लागत होतं का? सेल संपत आला की आधी हे अंतर कमी होतं.

सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. जुना काढून त्यावरचा आकडा वाच. बऱ्याच चाव्यांत सीआर २०३२ असतो, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. दुकानदार २०२५ पुढे करेल, "चालतो हो ताई" म्हणेल. घेऊ नकोस. तो २.५ मिलिमीटरचा, पातळ. बसतो, पण आतल्या धातूच्या पत्रीला नीट टेकत नाही, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. चावीच्या कडेला खाच असते, तिथे नखाने किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचकट. उघडल्यावर आधी मोबाइलवर फोटो काढ, अधिकची खूण कुठल्या बाजूला होती ते नंतर आठवत नाही. नवा सेल कडेने धर.

तरीही चालली नाही तर आत ओल गेली असेल. तुमच्याकडे कोकणात पावसाळाभर कपाटातल्या कपड्यांनासुद्धा बुरशी येते, मग चावीतल्या नाजूक सर्किटचं काय! सेल काढून ठेव, पत्र्यांवर हिरवट-पांढरं काही दिसलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुस, आणि पंख्याखाली रात्रभर वाळू दे. उन्हात ठेवू नकोस. एवढं करूनही गप्पच राहिली, तर मग सर्व्हिस सेंटरला जा. कधीकधी गाडी आणि चावीची ओळख पुन्हा करून द्यावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या वर्षी कोल्हापूरहून येताना आई माझ्याबरोबर होती. चहाला थांबलो, परत आलो तर चावी ठार बंद. अंधार पडलेला, आई घाबरलेली. चावीच्या पाठीला एक छोटी कळ असते, ती सरकवली आणि आतून बोटाएवढी लोखंडी किल्ली ओढून काढली. माझ्या गाडीत तिचं भोक दाराच्या मुठीवरच्या झाकणाखाली आहे. दार उघडताच अलार्म कर्कश ओरडू लागला. पण मी ब्रेक दाबून धरला, चावी स्टार्टच्या बटणाला टेकवली, आणि गाडी सुरू झाली, अलार्मही थांबला. चावीत इंजिनला ओळख पटवणारी एक चिप असते, तिला सेल लागतच नाही, गाडीच जवळून तिला शक्ती पुरवते. तुझीही बटणाने सुरू होणारी आहे ना? काही गाड्यांत चावी टेकवायची जागा वेगळी असते, तुझ्या गाडीच्या पुस्तकात बघ. आणि आजच, घराच्या दारात, उजेडात, एकदा हे सगळं करून बघ.

आणि बाळाचं. ते चावी तोंडात घालतं, मी पाहिलंय. सेल गिळला गेला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका आतून भाजू शकते, वापरून संपलेल्या सेलनेही. तसं नुसतं वाटलं तरी उलटी काढत बसू नकोस, शौचातून पडेल म्हणून वाट बघू नकोस, थेट मोठ्या हॉस्पिटलात ने. सेल बदलताना बाळ सासूबाईंकडे दे. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंचावर ठेव.

आकडा बघितलास की कळव. शनिवारी येतेच आहे, दोन सेल घेऊन येते. दुसऱ्या चावीतलाही तेव्हाच बदलू.