जावाच्या सर्व्हरवरील पायथन आज्ञावली : दोष कसा शोधावा?

संगणकाच्या पडद्यावर ‘दोष ५००’ असे उमटले की काम ठप्प होते आणि दाखल्यासाठी आलेला नागरिक खिडकीपाशी ताटकळत राहतो. अशा वेळी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे हाच उपाय बहुधा योजला जातो. त्याने कधी काम चालू होते. परंतु दोष कोठे होता हे कळत नाही व तो पुन्हा उद्भवतो. वस्तुतः दोष शोधण्यास निश्चित क्रम आहे. जावाच्या सर्व्हरवर चालणाऱ्या पायथन आज्ञावलीच्या उदाहरणाने तो समजावून घेऊ.

मागणीचा प्रवास

आलेली मागणी स्वीकारून तिला उत्तर देणारा जावा भाषेतील घटक म्हणजे सर्व्हलेट. टॉमकॅटसारखे सर्व्हर असे घटक चालवितात. पायथन मात्र त्यांना कळत नाही. जिम ह्यूगुनिन यांनी १९९७ मध्ये जावाच्या यंत्रणेवर पायथन चालविणारी प्रणाली रचण्यास आरंभ केला. तीच पुढे जायथन या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यातील ‘पायसर्व्हलेट’ हा घटक दुभाष्याचे काम करतो. मागणी प्रथम सर्व्हरकडे, तेथून दुभाष्याकडे व शेवटी आज्ञावलीकडे जाते. या तीन मुक्कामांपैकी दोष कोठे आहे, हे आधी ठरवावे.

लक्षणे

‘४०४’ हा क्रमांक आल्यास पत्ता चुकला आहे किंवा ती सेवा सर्व्हरवर सुरूच झालेली नाही, असे समजावे. उत्तराऐवजी आज्ञावलीचा मजकूरच पडद्यावर दिसल्यास पायथनच्या फाईली दुभाष्याकडे सोपविण्याची नोंद ‘वेब डॉट एक्सएमएल’ या फाईलीत राहून गेलेली असते. ही स्थिती धोक्याची होय. कारण मजकुरात सांकेतिक शब्द असल्यास तोही उघड होतो. ‘५००’ आल्यास मागणी आतपर्यंत पोचली, पण तेथे अडली. तेव्हा सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ‘ट्रेसबॅक’ शोधावा. त्यात फाईलीचे नाव व ओळीचा क्रमांक दिलेला असतो.

नेहमीची कारणे

१. फाईलीचे नाव व तिच्यातील क्लासचे नाव तंतोतंत एक नसणे.

२. पायथनचे प्रमाण ग्रंथालय न सापडणे. यासाठी जायथनच्या स्थानाची नोंद तपासावी.

३. साहाय्यक फाईल बदलूनही जुनेच उत्तर येणे. मुख्य फाईल बदलल्यास दुभाषी ती नव्याने वाचतो. तिने आयात केलेल्या फाईली मात्र स्मृतीत जुन्याच राहतात. येथे सर्व्हर पुन्हा सुरू करणे योग्य ठरते.

४. आवृत्त्यांचा मेळ नसणे. जायथन २.७ ला पायथन ३ ची नवी वाक्यरचना समजत नाही. तसेच टॉमकॅट १० पासून सर्व्हलेटच्या घटकांची नावे ‘जावाएक्स’ ऐवजी ‘जकार्ता’ अशी झाली; त्यामुळे टॉमकॅट ९ वर चालणारी जुनी आज्ञावली तेथे जशीच्या तशी चालत नाही.

न बोलणारा दोष

सर्वांत गंभीर दोष कोणताही क्रमांक दाखवीत नाही. सर्व्हलेटची एकच प्रत एकाच वेळी अनेकांच्या मागण्या हाताळते. अर्जदाराचे नाव त्या प्रतीच्या सामाईक जागेत साठविल्यास एकाच्या दाखल्यावर दुसऱ्याचे नाव उमटू शकते. एकट्याने केलेल्या चाचणीत हे आढळत नाही. यास्तव अशी माहिती प्रत्येक मागणीच्या स्वतंत्र चलांतच ठेवावी आणि चाचणी अनेक संगणकांवरून एकाच वेळी घ्यावी.

दक्षता

दुरुस्तीपूर्वी मूळ फाईलीची प्रत ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा. लक्षण, कारण व उपाय यांची तारखेसह नोंद करावी. पायथन २ चे अधिकृत पोषण १ जानेवारी २०२० रोजी संपले असल्याने अशा आज्ञावल्यांच्या स्थलांतराचा आराखडाही वेळीच आखावा. तंत्रज्ञास बोलावताना ‘यंत्र बंद आहे’ एवढेच न सांगता लॉगमधील नेमकी ओळ दिली, तर त्याचा वेळ वाचेल आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या नागरिकाचाही.