वाटणीतल्या बैठकीत पाच स्पीकर

बेंबळीतलं आमचं घर जुनं, माळवदाचं. भावकीची वाटणी झाली तेव्हा मोठ्या सोप्याच्या मधोमध विटांची भिंत आली. आमच्याकडं उरलेला सोपा आणि ढाळजेचा तुकडा मिळून काटकोनात वळलेली एक खोली तयार झाली. तिचा एक भाग वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद. दुसरा उजवीकडं वळून दारापाशी संपतो. या खोलीत टीव्हीच्या जोडीला पाच स्पीकर आणि एक सबवूफर आले. वाटण्या घरोघरी झाल्यात आणि अशा वाकड्यातिकड्या बैठकी गावोगाव आहेत, म्हणून हे सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट भिंतीची. आवाज बिघडला तर सुधारता येतो, भिंत सुधारत नाही. स्पीकर बसवायला आलेल्या माणसानं पेटीतून हॅमर ड्रिल काढलं आणि मागचे दोन स्पीकर लोखंडी पट्ट्यांवर भिंतीत ठोकायचं ठरवलं. आईनं त्याला तिथंच थांबवलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. किल्लारीच्या त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं गेली, ती बहुतेक झोपेत, दगडमातीच्या भिंतींखाली. या भिंती दोन फूट आणि त्याहून जाड असतात, पण आतून एकसंध नसतात. दगडांचे दोन थर, मध्ये माती आणि बारीक दगड, दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बऱ्याचदा नसतोच. अशा भिंतीला ड्रिलचे हादरे द्यायचे आणि वर चार-पाच किलोचा डबा टांगायचा, हे करू नका. मातीच्या सांध्यात खुंटी धरतही नाही. आम्ही मागचा एक स्पीकर लाकडी खांबाला रुंद कातडी पट्ट्यानं आवळला आणि दुसरा जमिनीवरच्या उभ्या स्टँडवर ठेवला. स्टँड मिळाला नाही तर जड बुडाचं उंच स्टूलही चालतं.

माहितीपत्रकात काढलेली खोली आयताकृती असते. चारी भिंती सरळ, सोफा बरोबर मध्ये. ते चित्र बाजूला ठेवा, त्यातले कोन तेवढे घ्या. कोन बसणाऱ्याच्या डोक्यापासून मोजलेले असतात, त्यात भिंती येतच नाहीत. पुढचे दोन स्पीकर समोरच्या रेषेपासून डावी-उजवीकडं ३० अंशांवर. मागचे दोन कानांच्या किंचित मागं, १०० ते १२० अंशांवर. ३० अंश मोजायला यंत्र नको. दोन स्पीकरांमध्ये सात फूट अंतर असेल तर प्रत्येकापासून तुमचं डोकंही सात फुटांवर यावं, समभुज त्रिकोण झाला. म्हणजे आधी बसायची जागा पक्की करायची आणि तिच्याभोवती खोलीतला एक सरळ चौकोन मनात आखायचा.

हा चौकोन कुठं आखायचा, यावर सगळं अवलंबून आहे. त्या माणसानं टीव्ही वळणापाशी लावला, कारण विजेचा बोर्ड तिथं होता. डावा स्पीकर दगडी कोपऱ्यात आणि उजव्याच्या शेजारी मोकळं वळण, असं झालं. डाव्याचा आवाज भिंतीवरून लगेच परत यायचा, उजव्याचा दाराकडं निघून जायचा. चित्रपटातला माणूस पडद्याच्या मध्यावर उभा, आणि संगीत मात्र सगळं डावीकडं ओढलेलं. रिमोटवरून उजवा आवाज वाढवला की नुसता गोंगाट वाढायचा. शेवटी टीव्ही उचलून बंद टोकाच्या दहा फुटी भिंतीकडं नेला. आता पुढच्या दोन्ही स्पीकरांना दोन्ही बाजूंनी सारखीच भिंत आहे आणि वळण माझ्या पाठीमागं गेलं आहे. समोरच्या आवाजाची दिशा कान फार बारकाईनं ओळखतो, मागच्याची तितकी नाही. शिवाय मागच्या स्पीकरांकडं काम असतं पावसाचं, गर्दीचं. खोलीचा वाकडेपणा नेहमी पाठीमागं ढकला, त्यासाठी बोर्ड हलवायला लागला तरी हलवा.

मधल्या स्पीकरबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण संवाद जवळजवळ सगळे त्यातूनच येतात. जुन्या घरातला कोनाडा त्याच्यासाठी आयता केल्यासारखा दिसतो. तिथं ठेवू नका. खोल कोनाड्यात आवाज घुमतो आणि बोलणं गढूळ होतं. टीव्हीखालच्या फळीवर, अगदी कडेला, कानाच्या दिशेनं थोडा वर कलता ठेवला की शब्द सुटे होतात.

दगडी भिंत आणि शहाबादी फरशी दोन्ही आवाज परत फेकतात. १८९५ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात बोललेलं काही केल्या कळत नव्हतं. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकानं शेजारच्या नाट्यगृहातल्या बसायच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या मांडून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं, आणि त्यातून सभागृहाच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. आपल्याकडं वाकळी आहेतच. एकानं जागेवर बसावं, दुसऱ्यानं बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात स्पीकर दिसला की त्याच जागी, तुळईला दोरी बांधून जाड वाकळ सोडावी. पुढ्यात फरशीवर घोंगडी अंथरावी. एवढ्यानं बोलणं किती स्वच्छ होतं ते ऐकल्याशिवाय पटायचं नाही.

घुमणाऱ्या खालच्या आवाजावर मात्र वाकळ चालत नाही. दहा फुटांवर समोरासमोर दोन भिंती असतील तर सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा आवाज त्यांच्यात अडकतो. भिंतीला टेकलेल्याला तो अंगावर येतो, बरोबर मध्यावर बसलेल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. दगडी भिंत हा आवाज बाहेरही जाऊ देत नाही, म्हणून आमच्या घरांत हा त्रास जास्त. यावर उपाय जागेचा. सबवूफर तात्पुरता आपल्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेनं, कान जमिनीजवळ आणून हळूहळू फिरा. जिथं ठोका स्वच्छ आणि तुटक ऐकू येईल तिथं सबवूफर न्या. ऐकायला चित्रपटातले स्फोट घेऊ नका, खरा स्फोट आपण कुठं ऐकलेला असतो? मी गोंधळातला संबळ लावला. तुळजापूर आमच्याच जिल्ह्यातलं, संबळाचा ठोका कसा पडतो आणि कुठं थांबतो हे लहानपणापासून कानात आहे. तो लांबत राहिला की जागा चुकली समजायचं.

मागचा उजवा स्पीकर वळणाच्या तोंडाशी, माझ्यापासून नऊ फुटांवर आला; डावा खांबावरचा तीन फुटांवर. ध्वनीला सहा फूट कापायला सुमारे पाच मिलिसेकंद लागतात. सगळे स्पीकर ज्याला जोडतो त्या यंत्राच्या सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर भरायची सोय असते, तिथं टेपनं मोजलेला खरा आकडा घाला, मग यंत्र जवळच्याला तेवढं थांबवून ठेवतं. लांबच्या स्पीकरला बारीक वायर नको, ताकद वायरीतच जाते. तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची घ्या. लाल टोक लालला, काळं काळ्याला.

वाटणीची भिंत आमच्याकडं तुळईच्या खालीच संपते, वर हातभर फट आहे. पहिल्याच रात्री पलीकडून चुलते म्हणाले, "बाळा, मारामारी तुमच्या टीव्हीत, अन् भांडी आमच्या मांडणीतली वाजायलीत." दुसऱ्या दिवशी सबवूफर त्या भिंतीपासून काढून समोरच्या बाजूला घेतला, खाली रबराचे तुकडे दिले आणि फट विटांनी बुजवून घेतली. रात्रीसाठी यंत्रात मोठा आवाज दाबून बारीक आवाज उचलणारी सोय असते, दहानंतर आम्ही ती लावतो.

मागं दोन स्पीकर ठेवायला जागाच नसेल, तर हट्ट करू नका. पुढचे तीन आणि एक सबवूफर नीट बसवलेले, हे कुठंतरी कोंबलेल्या पाचांपेक्षा कितीतरी चांगले. आणि अवकाळीचं आभाळ भरून आलं की सगळ्यांचे प्लग काढा, डिशची वायरसुद्धा.