डिफ-लॉक घेताय? आधी विचारा, कोणता?

"साहेब, यात डिफ-लॉक आहे." फोर बाय फोर गाडी बघायला गेलात की हे वाक्य कानावर पडतंच. आपण मान डोलावतो आणि सनरूफकडे वळतो. पण या एका शब्दाखाली निदान तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. त्यांच्या किमतीत लाखांचा फरक आहे आणि चिखलातल्या वागण्यात त्याहून जास्त.

मुळात अडचण काय, ते आधी बघू. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, त्यासाठी डिफरन्शिअल असतं. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटतं आणि तिथेच घात होतो. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर मागचं एक चाक चरावर अधांतरी राहिलं, तर ते फिरवायला जोर लागतच नाही. मग दुसऱ्या, घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य जोर मिळतो. फोर बाय फोर लावूनही सुटका नाही. पुढचं एक आणि मागचं एक, अशी तिरप्या रेषेतली दोन चाकं सुटली की ती दोनच गरगरतात आणि गाडी जागची हलत नाही. डिफ-लॉक दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून टाकतो.

सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे ब्रेकची युक्ती. एबीएसचे सेन्सर गरगरणारं चाक ओळखतात, गाडी त्यालाच ब्रेक लावते, आणि त्या अडवणुकीमुळे जोर दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे जातो. मारुती जिम्नीत हीच व्यवस्था आहे. महिंद्रा थारमध्येही ती आहे. वेगळा सुटा भाग नसल्यामुळे तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. पण चाक आधी गरगरावं लागतं, तेव्हा कुठे ती जागी होते, आणि लांब चढावर ब्रेक तापतात. पाय ॲक्सिलरेटरवरून उचललात की खेळ संपला. तरीही माझं मत सांगतो: वर्षातून चार वेळा ट्रेकच्या पायथ्यापर्यंत किंवा कोकणातल्या घराच्या लाल मातीच्या रस्त्याने जाणाऱ्याला एवढं पुरतं. जिम्नी हलकी आहे, तिला तर नक्कीच.

दुसरा प्रकार आपोआप लागणारा यांत्रिक लॉक. थारच्या काही व्हेरियंटमध्ये आणि स्कॉर्पिओ-एनच्या फोर बाय फोरमध्ये मागच्या ॲक्सलवर तो मिळतो. ईटन कंपनीचा हा भाग जुन्या थारलाही २०१५ पासून होता. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो 'खट्' आवाज करून बसतो, आणि ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग गेला की लागत नाही. बटण नाही, लीव्हर नाही. त्यामुळे नवख्या चालकाला हा बरा, पण एक सवय लावून घ्यावी लागते. चाक फिरायला लागलं की घाबरून पाय उचलायचा नाही, हलकासा दाब धरून ठेवायचा. अनेकजण नेमकं उलट करतात आणि घरी येऊन म्हणतात, लॉक चालतच नाही.

तिसरा प्रकार हाताने किंवा बटणाने लावायचा पूर्ण लॉक. अवघड जागा समोर दिसली की आधीच लावून घ्यायचा, चाक फिरण्याची वाट बघायची नाही. थार रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये मागे विजेवर चालणारा लॉक आहे, टोयोटा हायलक्समध्येही आहे. फोर्स गुरखा मात्र यात वेगळीच. तिच्यात पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक आहेत, तेही वेगळे पैसे न मोजता, आणि लावायचे लीव्हरने.

आता आकडे. गुरखा मे २०२४ मध्ये आली तेव्हा तीन दारांची १६.७५ लाख आणि पाच दारांची १८ लाख होती. रॉक्सची फोर बाय फोर त्याच वर्षी १८.७९ लाखांपासून सुरू झाली. जिम्नी जून २०२३ मध्ये १२.७४ लाखांपासून होती. या सगळ्या एक्स-शोरूम किमती आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, त्यामुळे आजचा आकडा शोरूममधूनच लेखी घ्या. आणखी एक गोष्ट विसरू नका. लॉकसाठी वरचं व्हेरियंट घेतलंत की रोड टॅक्सही त्या वाढीव रकमेवर बसतो. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के, पेट्रोलला १२. लाखभराची उडी प्रत्यक्षात लाखाच्या बरीच पुढे जाते, कारण विम्याचा हप्ताही त्या प्रमाणात चढतो.

"मग साधी गाडी घेतो आणि लॉक बाहेरून बसवतो," असा हिशेब बरेच जण करतात. तो कागदावरच छान दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा हवेवर चालणारा लॉक अमेरिकेत एका ॲक्सलला साधारण हजार-बाराशे डॉलरला पडतो, म्हणजे इथेच लाखाच्या जवळ गेलात. त्याला लागणारा कॉम्प्रेसर वेगळा, आणखी तीनेकशे डॉलर. त्यावर वाहतूक, आयात शुल्क, १८ टक्के जीएसटी. मग मजुरी, नवी बेअरिंग, ऑइल सील, तेल. माझ्या हिशेबाने एका ॲक्सलचं काम दीड लाखाच्या खाली आटपणं कठीण. आणि खरी जोखीम पैशात नाही, हातात आहे. लॉक बसवताना क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शिअलची मुख्य गिअर-जोडी, उघडावं लागतं आणि परत जोडताना दातांमधली फट अचूक बसवावी लागते. शिम टाकून, डायल गेज लावून, दातांना रंग फासून ठसा बघून हे काम होतं. 'अंदाजाने बसवतो' म्हणणारा मेकॅनिक भेटला तर चहा पिऊन परत या. चुकलं तर दोन-चार हजार किलोमीटरमध्ये मागून हूं-हूं असा आवाज सुरू होतो आणि क्राऊन-पिनियनची जोडीच बदलावी लागते.

शिवाय ड्राइव्हट्रेनच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. तेव्हा आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. दावा करायची वेळ आली की हीच चिठ्ठी आधी विचारली जाते.

मूळ केसिंगमध्ये स्पायडर गिअरच्या, म्हणजे डिफरन्शिअलच्या आतल्या छोट्या गिअरच्या, जागी बसणारे छोटे ऑटो-लॉकरही येतात, तीन-चारशे डॉलरचे. क्राऊन-पिनियनला हात लागत नाही, म्हणून स्वस्त. पण वळणावर ते टकटक करतात आणि ओल्या घाटात मध्येच झटका देतात. रोज वरंधा किंवा ताम्हिणी उतरणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. माझ्या एका मित्राने जुन्या जीपचे स्पायडर गिअर सरळ वेल्डिंग करून घेतले होते. चिखलात जीप झकास चालायची. घरासमोरच्या डांबरी गल्लीत वळवताना मात्र मागचा टायर किंचाळायचा आणि सगळी गल्ली गच्चीत यायची.

पुढच्या ॲक्सलच्या लॉकसाठी वेगळे पैसे मोजावेत का? गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणार असाल, किंवा दगडांच्या नाल्यातून नियमित चढत असाल, तर हो. एरवी नाही. पुढे लॉक लावला की स्टिअरिंग जड होतं, आणि चाक वळलेलं असताना जोर दिला तर पुढच्या चाकाला जोर पोचवणारा सीव्ही जॉइंट तुटण्याची भीती असते. समुद्राच्या वाळूसाठी घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा. किनाऱ्यावर गाडी नेली तर पोलीस गुन्हा दाखल करू शकतात.

जुनी गाडी घेताना लॉक चालतो की नाही, हे तोंडी मान्य करू नका. सपाट जागा बघा, पुढची चाकं दगड लावून अडवा, मागचा ॲक्सल स्टँडवर उचला. टू-व्हील ड्राइव्ह, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर डिफरन्शिअल मोकळं आहे. लीव्हरचा लॉक लावल्यावर दोन्ही एकाच दिशेला फिरली तर तो जिवंत आहे. विजेच्या किंवा हवेच्या लॉकसाठी इग्निशन चालू ठेवावं लागेल. आपोआप लागणारा यांत्रिक लॉक मात्र अशा तपासणीत कळत नाही. तो मातीच्या ढिगावर एक चाक चढवूनच बघावा. डिफरन्शिअलचं तेलही काढून बघा. दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय, आणि किंमत तिथल्या तिथे खाली आणा.

माझा कौल असा: कंपनीतून येणारा मागचा एक लॉक, तोही शक्य असेल तर बटणाचा. बाहेरून बसवण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे चांगल्या ऑल-टेरेन टायरांवर घाला. आणि लॉकच्या आधी हवा मोजायचं मीटर व छोटा कॉम्प्रेसर घ्या. चिखलात टायरमधली हवा १८-२० पीएसआयवर आणली की निम्म्या वेळा लॉकची गरजच पडत नाही. डांबरीवर परतताना ती पुन्हा भरायला विसरू नका.