गावचा आवाज दूरदेशी

सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातील म्हसवड या गावी २००८ साली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक नभोवाणी केंद्र सुरू झाले. आपल्या बाजूस ओरछ्याला त्याच साली ‘रेडिओ बुंदेलखंड’ निघाले. अशा केंद्राची शक्ती नियमाने सामान्यतः १०० वॅटपर्यंतच असते. त्यामुळे आवाज दहा-पंधरा किलोमीटरांपलीकडे सहसा पोहोचत नाही. पोटासाठी गाव सोडलेल्या लेकरांनी तो कसा ऐकावा?

उपाय इंटरनेटचा आहे. मिक्सरमधून एक तार प्रक्षेपकाकडे जाते; तशीच दुसरी संगणकाला जोडावी. संगणक आवाजाचे अंक करून, ते आटोपशीर करून, दूरच्या सर्व्हरकडे पाठवतो. प्रत्येक श्रोत्याला पुढे वाटप करतो तो सर्व्हर. म्हणून श्रोते हजार झाले तरी गावच्या जोडणीवर भार एकाचाच पडतो. भाषणाला सेकंदास ३२ किलोबिट पुरतात. ८ बिटांचा १ बाइट. म्हणजे सेकंदास ४ किलोबाइट आणि तासास १४.४ मेगाबाइट. मुलांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

परंतु तारेहून मोठी गोष्ट निराळीच आहे. पंचक्रोशीपुरते बोललेले शब्द आता जगभर जातात आणि कोणीही ते साठवून ठेवू शकतो. घरातील दारूच्या दुःखाविषयी बोलणाऱ्या भगिनीला हे आधी समजावून सांगावे व तिची संमती घ्यावी. आवाज ज्याचा, त्याचाच त्यावर पहिला हक्क, असे आम्ही मानतो. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतानाही आपण सर्वांनी हाच नियम पाळावा.