विजेची मोटार आणि हिमप्रदेशाची सहल : एक व्यवहारी पाठ



आपल्या पेडणे व डिचोली महालांतील अनेक घरांसमोर आता विजेवर चालणाऱ्या मोटारी उभ्या दिसतात. बाजारपेठेतील फेऱ्या, म्हापसा-पणजीची कामे, मोपाच्या विमानतळावर पाहुण्यास पोहोचविणे, या रोजच्या उपयोगात त्या उत्तम ठरल्या आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु नाताळची सुट्टी जवळ आली की घरोघरी एक नवा वाद उपस्थित होतो. तरुण मंडळी म्हणतात, याच मोटारीने मनालीस जाऊ, बर्फ पाहू, सोलंगच्या उतारावर स्कीइंगचा खेळ शिकू. वडीलधारी मंडळी म्हणतात, विजेची गाडी घेऊन बर्फात जाणे म्हणजे संकटास घरचे आमंत्रण देणे होय. तरुणांचा विश्वास गाडीच्या पडद्यावरील आकड्यावर असतो. वडिलांचा अविश्वास ऐकीव गोष्टींवर असतो. आमच्या अल्प मतीप्रमाणे दोन्ही पक्षांनी हिशेब मांडलेला नसतो. तो कसा मांडावा, हे सांगणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. गाडीत वृद्ध माता-पिता व लहान मुले बसणार असल्यामुळे हा विषय केवळ हौसेचा राहत नाही, हे प्रथमच ध्यानी घ्यावे.

पुंजी किती ?

विजेची मोजणी आपण घरच्या बिलावर पाहतो त्याच युनिटमध्ये होते. मध्यम आकाराच्या मोटारीची बॅटरी सुमारे ४० युनिटची असते, असे धरून चालू. सपाट रस्त्यावर, मध्यम वेगाने, अशी गाडी दर १०० किलोमीटरला सुमारे १५ युनिट खर्च करते. म्हणजे कागदोपत्री ती २६० किलोमीटरांहून अधिक जावयास हवी.

आता पेट्रोलच्या गाडीकडे पाहावे. एका लिटर पेट्रोलात सुमारे ९ युनिट इतकी उष्णता असते. ३५ लिटरांची टाकी म्हणजे ३०० युनिटांहून अधिक पुंजी झाली. त्यांतील चतुर्थांश ते तृतीयांश भागच चाकांना मिळतो. उरलेला उष्णतेच्या रूपाने वाया जातो. पण पुंजीच मोठी असल्यामुळे ही नासाडी मालकास जाणवत नाही. विजेची गाडी काटकसरी आहे. हाती आलेल्या विजेचा बहुतांश भाग ती खऱ्या कामी लावते. मात्र तिची पुंजी बेताची आहे. श्रीमंताच्या घरची उधळपट्टी दिसत नाही. बेताच्या घरात मात्र दर खर्चाची नोंद ठेवावी लागते. विजेच्या मोटारीचे सर्व शास्त्र या एका वाक्यात आले आहे, असे म्हटले तरी चालेल.

पहिला खर्च : चढण

वजन वर नेण्यास शक्ती लागते, हे पाठीवर पोते घेऊन वखारीचा जिना चढणाऱ्या हमालास कोणी शिकवावे लागत नाही. पाच माणसे व सामान यांसह मोटारीचे वजन २,००० किलो धरल्यास, दर १०० मीटर उंची चढण्यास गाडीतील तूट जमेस धरून सुमारे ०.६ युनिट लागते. हा खर्च सपाट रस्त्याच्या खर्चाहून निराळा व त्यावर अधिक होय.

याची परीक्षा आपल्या दारीच घेता येते. पेडण्याहून बांदा, सावंतवाडी या मार्गे आंबोली सुमारे साठ किलोमीटर आहे व तिची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर. एवढ्या चढणीस चार युनिटांहून थोडे अधिक लागतात. म्हणजे सपाटीवरचे सत्तावीस किलोमीटर घाटातच खर्ची पडले. डिचोलीकरांस साखळी, केरी या वाटेने चोर्ल्याचा घाट जवळ पडतो. त्याचा माथा सुमारे ८०० मीटर उंच आहे. तेथे पावणेपाच युनिटांपर्यंत खर्च समजावा. आम्ही स्वतः आंबोलीस जाताना पाहिले आहे की, सावंतवाडीपर्यंत संथपणे उतरणारा पडद्यावरील आकडा दाणोलीच्या पुढे घाट लागताच झपाट्याने घसरू लागतो व नवख्या चालकाच्या कपाळी घाम येतो.

तथापि हा खर्च म्हणजे दिलेली उचल आहे. तिचा मोठा भाग परत येतो. उतारावर गाडीची मोटार उलट काम करून वीज निर्माण करते आणि ती बॅटरीत जमा करते. चढणीस दिलेल्यापैकी साधारण निम्म्याहून अधिक वीज या रीतीने परत मिळते. यात एक मेख आहे. बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल, किंवा थंडीने गारठलेली असेल, तर परत आलेली वीज घेण्यास तिच्यात जागा अथवा ताकद नसते. तेव्हा सर्व भार साध्या ब्रेकांवर पडतो. म्हणून डोंगरमाथ्यावर मुक्काम असल्यास सकाळी पूर्ण भरलेल्या बॅटरीने घाट उतरू नये. थोडी जागा शिल्लक ठेवावी.

दुसरा खर्च : थंडी

आंबोली चढण शिकविते, परंतु बर्फाची थंडी शिकवीत नाही. ती समजण्यास घरातील खोबरेल तेलाची बाटली पाहावी. थंडीच्या सकाळी तेल गोठते. बाटलीतील तेल कमी झालेले नसते. पण बाटली उपडी केली तरी ते हातावर येत नाही. बॅटरीचेही तसेच आहे. तिच्यातील रासायनिक क्रिया शीतात मंदावतात आणि अंतर्गत अडथळा वाढतो. त्यामुळे साठविलेली सर्व वीज वेळेवर हाती येत नाही. ऊब मिळताच ती पुन्हा उपलब्ध होते. म्हणजे हा भांडवलाचा नाश नव्हे, भांडवल अडकून पडणे होय. व्यापाऱ्यास या दोहोंतील भेद सांगावयास नको. तसेच अडकलेल्या भांडवलावर हुंडी वटत नाही, हेही सांगावयास नको.

गारठलेली बॅटरी वीज देण्यास जशी कचरते, तशी घेण्यासही कचरते. शून्य अंशाच्या खाली तिच्यात घाईने वीज भरल्यास तिला कायमची इजा होऊ शकते. म्हणून गाडीतील यंत्रणाच भरण्याचा वेग कमी करते. गोव्यात जेथे पाऊण तास लागतो, तेथे हिमप्रदेशात दीड तासही लागेल, हे गृहीत धरावे. आपल्या देशातील अनेक गाड्यांत लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी असते. ती टिकाऊ व उष्णतेत अधिक सुरक्षित, पण थंडीने तुलनेत अधिक मंदावणारी आहे.

तिसरा खर्च : ऊब

पेट्रोलच्या गाडीत प्रवाशांस ऊब फुकट मिळते, कारण इंजिनाची वाया जाणारी उष्णताच आत वळविली जाते. विजेच्या गाडीत वाया जाणारी उष्णता अल्प असल्यामुळे ऊबही बॅटरीतूनच विकत घ्यावी लागते. साध्या तापकास कडक थंडीत तासाला सुमारे २ युनिट लागतात. काही गाड्यांत उष्णता-पंप असतो. तो बाहेरच्या हवेतील उष्णता आत खेचतो व तेवढीच ऊब निम्म्या किंवा त्याहूनही कमी विजेत देतो.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. चालण्याचा खर्च अंतरावर होतो. उबेचा खर्च व्याजाप्रमाणे वेळेवर होतो. गाडी चालो वा रांगेत थांबो, हे व्याज चढतच राहते. डोंगरी रस्त्यावर वाहतूक खोळंबली की अंतर कापले जात नाही, पण शिल्लक घटत जाते. आसन तापविण्याची सोय असल्यास ती वापरावी. तिला फार थोडी वीज लागते. लोकरीचे कपडे व कांबळी यांस तर काहीच लागत नाही.

मंडी ते मनाली : नमुन्याचा जमाखर्च

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. हिमाचल प्रदेशातील मंडी हे गाव सुमारे ७६० मीटर उंचीवर, तर मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. मधले अंतर सुमारे ११० किलोमीटर. मंडीस गाडी पूर्ण भरली, असे धरू.

जमेच्या बाजूस ४० युनिट. थंडीने अडकलेली १० टक्के वजा जाता ३६.
खर्चाच्या बाजूस : अंतरापोटी १६.५, सुमारे १,२९० मीटर चढणीपोटी ७.७, साडेतीन तासांच्या उबेपोटी ७. एकूण ३१.२.
शिल्लक : ४.८ युनिट.

पडद्यावरचा आकडा निघताना २६० किलोमीटर दाखवील आणि तरुण चालक म्हणेल की निम्मीही पुंजी लागणार नाही. प्रत्यक्षात मनालीस पोहोचताना जेमतेम आठवा भाग उरेल. आणि वाटेत दोन तास खोळंबा झाला, तर तोही जवळजवळ संपेल. हाच हिशेब आदल्या रात्री मांडलेला असेल, तर माणूस मनालीच्या चाळीस किलोमीटर अलीकडे कुलू येथे थांबून गाडी भरून घेईल व निश्चिंत पोहोचेल. गाडी तीच आणि रस्ता तोच. अंतर पडते ते केवळ हिशेबाने.

जगाचा अनुभव

शंका येईल की, मग थंड देशांत या गाड्या चालतात तरी कशा ? नॉर्वे देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ पूर्णपणे विजेच्या होत्या. आणि तेथील लोक तर स्कीइंगच्या आवडीसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील मोटार महासंघाने २०२० च्या हिवाळ्यात २० गाड्यांची परीक्षा घेतली, तेव्हा त्या कागदावरील अंतरापेक्षा सरासरी साडेअठरा टक्के कमी चालल्या. नॉर्वेजियन माणूस ही तूट नाकारीत नाही व तिला भीतही नाही. ती आधीच वजा करून तो घराबाहेर पडतो. आपल्याकडेही हिमाचलच्या राज्य परिवहनाने २०१७ साली मनालीहून सुमारे तेरा हजार फूट उंचीच्या रोहतांग खिंडीपर्यंत विजेची बस नेली होती. उंची हा विजेस मुळीच अडथळा नाही. विरळ हवेत पेट्रोलचे इंजिन दमते, विजेची मोटार दमत नाही.

खोळंब्याची भीती मात्र काल्पनिक नव्हे. २३ डिसेंबर २०२४ रोजी सोलंग व अटल बोगदा यांमध्ये हिमवर्षावामुळे सुमारे एक हजार वाहने अडकली होती. अशा वेळी १० युनिट शिल्लक असलेली विजेची गाडी आतील ऊब सुमारे पाच तास राखू शकते, आणि तिच्यातून विषारी धूर निघत नाही. पाकिस्तानातील मरी येथे जानेवारी २०२२ मध्ये बर्फात अडकलेल्या वाहनांत वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांतील काहींच्या मृत्यूस इंजिन चालू ठेवल्याने आत शिरलेला विषारी वायू कारण झाला, असे सांगण्यात आले. तेव्हा दोष एकाच जातीच्या गाडीस देऊन भागणार नाही. ज्याच्याजवळ शिल्लक नाही, तो कोणत्याही गाडीत संकटात आहे.

काही नियम

१. हिमप्रदेशी जाण्यापूर्वी आंबोली वा चोर्ले येथे भरल्या गाडीने एक फेरी करावी व पडद्यावरील आकडे वहीत टिपावे.

२. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस चतुर्थांश शिल्लक राहील, असाच टप्पा आखावा. चार्जिंगचे एक केंद्र बंद निघाले तर दुसरे कोणते, हे आधीच ठरवावे.

३. मुक्कामी गाडी रात्रभर मंद गतीने भरत ठेवावी. भरणे पहाटे संपेल अशी वेळ लावल्यास निघताना बॅटरी उबदार असते. गाडीचा आतील भागही तार जोडलेली असतानाच तापवून घ्यावा. तो खर्च आपल्या पुंजीतून जात नाही.

४. आपल्यातील बहुतेकांस सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावयाचे असते. गोव्यात जानेवारीत सूर्य सहानंतर मावळतो, मनालीत साडेपाचच्या सुमारास. म्हणून दुपारनंतरचे भरणे व सायंकाळचे भोजन एकाच ठिकाणी, एकाच वेळी ठेवावे. दोन्ही कामे होतात आणि अंधारात बर्फाळ रस्त्यावर धावाधाव होत नाही.

५. मनालीच्या पुढे बर्फ असल्यास आपली गाडी तेथेच ठेवावी. अशा दिवसांत पोलीस पुष्कळदा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्याच पुढे सोडतात. आपल्या बहुतेक गाड्यांत जोर दोनच चाकांना असतो. स्थानिक गाडी व स्थानिक चालक घेण्यात कमीपणा नाही. परपेठेत आपणही आडत्याच्याच सल्ल्याने माल घेतो.

६. निसरड्यावर, उतारात वीज परत घेण्याची क्रिया सौम्य ठेवावी. ती एकाएकी जोरात लागल्यास चाके घसरतात.

निष्कर्ष

गोव्याहून मनाली सुमारे चोवीसशे किलोमीटर आहे. ज्यांच्यापाशी जाण्यास सहा व येण्यास सहा दिवस आहेत, त्यांनी विजेच्या मोटारीने अवश्य जावे. मार्ग कठीण आहे, अशक्य नाही. ज्यांची सुट्टीच आठ दिवसांची आहे, त्यांनी मोप्याहून विमानाने उत्तरेस जावे व गाडी घरीच ठेवावी. त्यात तिची अप्रतिष्ठा नाही. वडिलांनी गाडीस नावे ठेवू नयेत, तरुणांनी पडद्यावरील आकड्यास वेदवाक्य मानू नये; दोघांनी मिळून आदल्या रात्री एक पान जमाखर्च लिहावा. मालाची घट धरल्यावाचून आपण कधी भाव बोललो नाही. ज्या प्रवासात घरची माणसे बसली आहेत, तेथे तर ती आधी धरलीच पाहिजे.