मन आणि ताट

अकोल्याला किंवा अमरावतीला खोली घेऊन शिकणारा एखादा मुलगा तुमच्या ओळखीचा असेल. सकाळी नुसता चहा, दुपारी समोसा, रात्री बिस्किटे. पुढे त्याची झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, तो कोणाशी बोलत नाही. आपण त्याला ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो. पण ही नैराश्याची, म्हणजे एका आजाराची, लक्षणे असू शकतात.

थोडे गणित करू. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरते त्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. ही शक्ती अंदाजे २० वॉट भरते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून २० × ८६,४०० = १७,२८,००० ज्यूल, म्हणजे सुमारे ४१३ किलोकॅलरी. एवढी ऊर्जा बिस्किटेही देतील. मग उणे काय पडते? मेंदूतील सिरोटोनिन हे द्रव्य ट्रिप्टोफॅनपासून बनते. ट्रिप्टोफॅन शरीरात तयार होत नाही. ते अन्नातील प्रथिनांतूनच मिळवावे लागते.

मग आहार सुधारला तर नैराश्य कमी होते काय? सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील जेसिका बेझ व सहकाऱ्यांनी १८ ते २५ वयाच्या, नैराश्य असलेल्या ७२ तरुणांवर १२ आठवडे प्रयोग केला. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने भाज्या, कडधान्ये, मासे, ऑलिव्ह तेल असा आहार घेतला. दुसऱ्या गटाशी केवळ मित्रत्वाच्या गप्पा मारल्या. दुसरा गट कशासाठी? कोणी आपुलकीने विचारपूस केली तरीही बरे वाटते. तो परिणाम वेगळा काढण्यासाठी. आहार घेणाऱ्या गटाची लक्षणे अधिक कमी झाली. मात्र प्रयोग लहान होता, आणि आपण काय खातो हे त्या तरुणांना ठाऊक होते, हेही ध्यानात ठेवा.

वऱ्हाडी ताटाची परीक्षा त्या प्रयोगात झाली नव्हती. तरी ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, ओमेगा-३ देणारी जवसाची चटणी आणि वरुड-मोर्शीची संत्री यांत तेच तत्त्व दिसते.

आहार हा उपचाराचा सोबती आहे, पर्याय नव्हे. उदासी दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांना भेटावे. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नये. चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. आणि त्या मित्राला आज एवढेच म्हणा, “चल, जेवायला.”