लिनिअर घेण्याआधी, सोनू

सोनू, लिनिअरचे, म्हणजे सेटची पॉवर वाढवणाऱ्या त्या ॲम्प्लिफायरचे, पैसे देऊन टाकण्याआधी जरा माझ्याजवळ बस. आष्टीतल्या घरून संत्र्याच्या बागेत बोलता यावं म्हणून तू सीबीचा (सिटिझन बँडचा) रेडिओ सेट घेतलास, ते चांगलंच केलंस. पण आपल्याकडे २००५ पासून सीबीला लायसन्स लागत नाही ते अटींवर: २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ५ वॅटपर्यंत, आणि अँटेना सेटचाच. मागे लिनिअर जोडलास की ती सूट गेली. त्या सेटपुरता हा नाद सोड, बाई.

पॉवरची हौस आहे ना? मग हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा दे; ती सरकारचा वायरलेस विभाग, डब्ल्यूपीसी, घेतो. तू सहज पास होशील. मग शेजारच्याच २८ मेगाहर्ट्झवर, परवान्यात लिहिलंय तेवढ्या पॉवरपर्यंत, खुशाल लिनिअर लाव.

तेव्हासाठी एक गोष्ट आत्ताच मनात पक्की कर. एएमवर मीटर ४ वॅट दाखवतो तो तू गप्प असताना. बोलायला लागलीस आणि मॉड्युलेशन पूर्ण झालं, की शिखरावर त्याचे १६ होतात. लिनिअर दहापट वाढवणारा असेल, तर त्याच्याकडून तू १६० मागतेस. त्याची शिखराची झेप १०० चीच असली तर आवाजाचे शेंडे छाटले जातात. समोरच्याला तू फाटकी ऐकू येतेस आणि आजूबाजूच्या स्टेशनांवर तुझी खरखर पसरते. म्हणून उलटीकडून मोज: १०० हवेत तर आत शिखराला १०, म्हणजे कॅरिअर अडीच वॅट. मी तर दोनवरच ठेवीन. सेटमध्ये पॉवर कमी करायची सोय नसेल तर मधे ॲटेन्युएटर घाल. एसएसबीवर कॅरिअरच नसतो, तिथे सरळ शिखराचेच १० धर. आणि कोणी माईक गेन वाढव म्हणालं तर ऐकू नकोस.

पहिली चाचणी ५० ओहमच्या डमी लोडवरच घे. अँटेना नंतर, तोही एसडब्ल्यूआर दीडच्या आत आल्यावर. नाहीतर ट्रान्झिस्टर जातील.

आणि खरं सांगू? पॉवर चौपट केलीस तरी ऐकणाऱ्याच्या एस-मीटरवर एकच घर चढतं. हातातल्या सेटला उंचीच जास्त देते. उद्या बागेतल्या मचाणावर चढून, सेट उभा धरून बोलून बघ. परीक्षेचा अर्ज भरायला बसशील तेव्हा फोन कर, डेसिबलची गणितं दोघी मिळून सोडवू.